कोरं टेम्प्लेटच ३८ एमबीचं: वजन कुठे साठतं आणि ते कसं उतरवायचं

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातली पतसंस्था, शाखा जत, आटपाडी, शिराळ्यापर्यंत. सगळ्या बैठकांना आणि वार्षिक सभेला एकच पॉवरपॉइंट टेम्प्लेट वापरतात. एक अक्षरही न लिहिता फाइल सेव्ह केली तरी ती ३८ एमबीची होते, ईमेलने जात नाही आणि शाखेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडता उघडत नाही. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' करून पाहिलं, फारसा फरक पडला नाही. आता काय करावं?

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. टेम्प्लेटमध्ये जे काही आहे ते त्यावरून तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये जसंच्या तसं उतरतं. शाखाधिकाऱ्याने चार ओळींचा आढावा लिहिला तरी त्याची फाइल ३८ एमबीचीच. अशा १४ शाखांच्या फाइली मुख्य कार्यालयात आल्या की ५३२ एमबी झाले, आणि त्यात खरी माहिती एक-दोन एमबीची. म्हणून प्रत्येक फाइल शेवटी कॉम्प्रेस करत बसण्यात अर्थ नाही. वजन टेम्प्लेटमधूनच काढायला हवं, तेही नेमकं कुठे आहे ते बघून.

ते बघायची सोय फाइलमध्येच आहे. २००७ पासूनची पीपीटीएक्स (सादरीकरणाची) किंवा पीओटीएक्स (टेम्प्लेटची) फाइल म्हणजे मुळात एक झिप पिशवी असते. टेम्प्लेटची एक प्रत काढा (मूळ फाइलला हात लावू नका), फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा आणि प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा. सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर असेल तर नावही बदलावं लागत नाही. राइट क्लिक करून थेट उघडता येतं. आत 'पीपीटी' नावाचा फोल्डर दिसेल. त्यातले तीन फोल्डर महत्त्वाचे: 'मीडिया'त चित्रं, व्हिडिओ आणि आवाज, 'एम्बेडिंग्ज'मध्ये चार्टमागची एक्सेल शीट आणि इतर ऑब्जेक्ट, 'फॉन्ट्स'मध्ये फाइलसोबत बांधलेले फॉन्ट. प्रत्येक फोल्डर उघडून आकारानुसार क्रम लावा. बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार फाइलींतच सगळं उत्तर मिळतं. फाइलला पासवर्ड असेल तर ती झिप म्हणून उघडणार नाही, आधी पासवर्ड काढा. जुनी पीपीटी फाइल असेल तर ती 'सेव्ह ॲज'ने नव्या प्रकारात आणा.

तुलनेला एक माप देतो. पॉवरपॉइंटची अगदी कोरी फाइल, तिच्यातल्या ११ लेआउटसह (म्हणजे स्लाइडच्या तयार मांडण्यांसह), साधारण ३० ते ५० केबीची असते. म्हणजे लेआउट, रंग, मजकुराच्या चौकटी यांना वजन जवळजवळ नाही. लोगो, एक-दोन पार्श्वभूमीची चित्रं आणि सात-आठ लेआउट असलेलं संस्थेचं टेम्प्लेट १ ते २ एमबीत सहज बसायला हवं.

एखादं मोठं चित्र नेमकं कुठे लागलंय हे शोधायचं असेल तर 'स्लाइड मास्टर्स' आणि 'स्लाइड लेआउट्स' या फोल्डरांत 'रेल्स' नावाचा एक छोटा फोल्डर असतो. त्यातल्या फाइली नोटपॅडमध्ये उघडा. समजा 'मीडिया'त 'इमेज३' १४ एमबीची दिसली. तिचं नाव ज्या लेआउटच्या फाइलमध्ये सापडेल, तो लेआउट दोषी. पण झिपमध्ये शिरून ती फाइल थेट डिलीट करू नका. तिच्याकडे बोट दाखवणारी नोंद तशीच राहते, मग चित्राच्या जागी तांबडी फुली येते किंवा फाइल दुरुस्त करायची सूचना येते. तसंच, सगळं बाहेर काढून बाहेरचा फोल्डरच पुन्हा झिप केला तर आतली रचना एक पायरी खाली सरकते आणि पॉवरपॉइंट ती फाइल ओळखत नाही. झिप बघण्यापुरती वापरा, काढाकाढी पॉवरपॉइंटमध्ये करा.

आता चित्रांकडे. सर्वात जास्त वजन इथेच असतं, म्हणून इथे जरा थांबू.

रुंद स्लाइडची लांबी ३३.८७ सेंटिमीटर, म्हणजे १३.३३ इंच. पूर्ण स्लाइडभर चित्राला १९२० बाय १०८० पिक्सेल दिले की इंचाला १४४ ठिपके मिळतात. फुल एचडी प्रोजेक्टर त्याहून जास्त दाखवूच शकत नाही. मंगल कार्यालयात सभेसाठी लावतात त्या एलईडी भिंतीचं तर आणखी सोपं गणित आहे: ४ मिलिमीटर पिचची (म्हणजे दोन ठिपक्यांत तेवढं अंतर असलेली), १२ फूट रुंद भिंत असेल तर आडवे ठिपके फक्त ९१४ च्या आसपास. समोर शेवटच्या रांगेपर्यंत दिसायला तेवढे पुरतात. याउलट मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० चा, म्हणजे फुल एचडीच्या जवळजवळ सहापट पिक्सेल. शिवाय दाखवताना तो मेमरीत पूर्ण उलगडावा लागतो: ४००० गुणिले ३००० गुणिले ३ बाइट, म्हणजे ३६ एमबी, मग डिस्कवर तो ४ एमबीचा का असेना. ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर स्लाइड अडकत पुढे सरकते ती यामुळेच.

दुसरा भाग चित्राच्या प्रकाराचा. फोटो जेपीजीमध्येच हवा. तोच फोटो पीएनजी केला तर तीन-चारपट, कधी त्याहून जास्त फुगतो. हे नकळत होतं: ब्राउझरमधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉपी करून स्लाइडवर पेस्ट केलं की चित्र बऱ्याचदा पीएनजी होऊन बसतं. म्हणून फोटो नेहमी 'इन्सर्ट, पिक्चर्स' मार्गानेच घ्या. तसा घेतला की मूळ जेपीजी तशीच आत जाते. पीएनजी ठेवायची ती लोगो, रेषाचित्रं, सपाट रंगाच्या आकृत्या आणि जिथे पार्श्वभूमी पारदर्शक हवी तिथे. लाल-पिवळ्या अक्षरांचा लोगो उलट जेपीजी करू नका. अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके उमटतात, आणि भिंतीएवढा मोठा झाल्यावर ते फार खटकतात.

मुखपृष्ठासाठी सांगलीत दोन चित्रं हमखास असतात: कृष्णेवरचा आयर्विन पूल आणि हळकुंडांचा ढीग. दोन्ही १९२० बाय १०८० ला आणून, जेपीजीची क्वालिटी ८५ ठेवून सेव्ह करून बघा. पुलाच्या फोटोत अर्धं आकाश आणि संथ पाणी, म्हणून फाइल लहान होते. हळदीच्या ढिगात प्रत्येक कणाला वेगळी सावली, वेगळी कड; जेपीजीला ते सगळं लिहून ठेवावं लागतं आणि पिक्सेल तेवढेच असूनही फाइल सहज दुप्पट होते. ढिगाचं चित्र किंचित ब्लर करून सेव्ह केलं की वजन झपाट्याने उतरतं. पार्श्वभूमीसाठी ते बरंच ठरतं, कारण बारीक पोताच्या चित्रावर लिहिलेली मराठी वाचताच येत नाही. काना, मात्रा, अनुस्वार त्या कणांत हरवतात. आकाशाच्या फोटोला मात्र क्वालिटी ८५ च्या खाली नेऊ नका, नाहीतर संध्याकाळच्या रंगात पट्टे दिसायला लागतात.

आकार लहान करायला खास सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या पेंटमध्ये 'रिसाइझ' निवडा, पिक्सेलमध्ये रुंदी १९२० टाका, जेपीजी म्हणून सेव्ह करा. क्वालिटीचा आकडा स्वतः ठरवायचा असेल तर इरफानव्ह्यू चांगलं. अर्ध्या स्लाइडच्या चित्राला ९६० पिक्सेल रुंदी बास. मूळ मोठे फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. अहवाल छापायला तेच लागतील, आणि एकदा लहान केलेलं चित्र परत मोठं होत नाही.

'कॉम्प्रेस पिक्चर्स'ने फरक का पडला नाही? शक्यता तीन. एक, 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ही खूण तशीच राहिली, म्हणून एकाच चित्रावर काम झालं. ती काढा, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' ठेवा आणि १५० पीपीआय (इंचाला १५० ठिपके) निवडा. दोन, वजन पारदर्शक पीएनजीत आहे. ती लहान झाली तरी पीएनजीच राहते. तीन, वजन चित्रात नाहीच, ते चार्टमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे. म्हणूनच आधी झिप उघडायला सांगितलं. टेम्प्लेटच्या मास्टरवर (सगळ्या लेआउटांच्या मूळ साच्यावर) किंवा पार्श्वभूमीच्या 'फिल'मध्ये जे चित्र आहे, त्याच्यासाठी या बटणावर विसंबू नका. ते काढून बाहेर लहान केलेलं चित्र पुन्हा घाला, हाच खात्रीचा रस्ता.

क्रॉप केलेल्या चित्राबद्दल थोडं जास्त. कडा कापल्या तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक असतो. कोणीही 'क्रॉप' दाबून तो परत उघडू शकतो. संचालक मंडळाच्या बैठकीचा फोटो कापून वापरला आणि कापलेल्या भागात टेबलावरची कागदपत्रं वाचता येत असतील, तर ती सगळ्या शाखांत गेली असं समजा. चित्राला 'आर्टिस्टिक इफेक्ट' दिला असेल तर मूळ चित्राची आणखी एक प्रत 'मीडिया'त डब्ल्यूडीपी प्रकारात साठते. ती काढायला 'फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड' मध्ये 'इमेज साइझ अँड क्वालिटी'खाली 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा' लावा आणि फाइल सेव्ह करा. तिथेच वर कोणत्या फाइलसाठी हे लागू आहे तेही बघून घ्या आणि 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस' ही खूण नाही ना, याची खात्री करा.

लोगोसाठी एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी साठवलेलं चित्र, उत्तम. कितीही मोठा केला तरी स्वच्छ राहतो. साध्या लोगोची एसव्हीजी १०-२० केबीत मावते. सांगली-मिरजेत लोगो बहुधा छापखान्यातून कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो. तिथून कॉपी करून थेट स्लाइडवर पेस्ट करू नका. तो चित्र म्हणून न येता ऑब्जेक्ट म्हणून येऊ शकतो, 'एम्बेडिंग्ज'मध्ये भलीमोठी '.bin' प्रकारची फाइल तयार होते आणि कोणी चुकून डबल क्लिक केलं की कॉम्प्युटर कोरलड्रॉ शोधत बसतो. कोरलमधूनच एसव्हीजी किंवा ६०० पिक्सेल रुंदीची पारदर्शक पीएनजी एक्स्पोर्ट करून मागा. एसव्हीजी २ एमबीची आली तर तिच्या पोटात फोटो दडलाय असं समजा. तसली परत पाठवा. लोगो मास्टरवर एकदाच ठेवायचा, प्रत्येक लेआउटवर वेगळा नाही. आणि एका रंगातून दुसऱ्या रंगात जाणारी पार्श्वभूमी हवी असेल तर तिचं चित्र करू नका; पॉवरपॉइंटचाच 'ग्रेडियंट फिल' द्या, तो फाइलमध्ये चार-सहा ओळींचा असतो.

आता मास्टर. 'व्ह्यू, स्लाइड मास्टर' उघडा आणि डावीकडची पट्टी सगळ्यात वर न्या. नावापुढे '१_', '२_' लागलेले मास्टर दिसले तर ते जुन्या फाइलींमधून स्लाइड आणताना सोबत आलेले पाहुणे आहेत. 'कीप सोर्स फॉर्मॅटिंग'ने एक स्लाइड पेस्ट केली की तिचा मास्टर त्याच्या चित्रांसह मागोमाग येतो. पुढे ती स्लाइड काढून टाकली तरी, 'प्रिझर्व्ह मास्टर'ची पिन लागलेली असेल तर मास्टर जात नाही. राइट क्लिक करून 'प्रिझर्व्ह'ची खूण काढा, मग मास्टर डिलीट करा. एखादा लेआउट डिलीट होत नसेल तर तो कुठल्यातरी स्लाइडला लागलेला आहे. त्यावर माउस ठेवला की स्लाइडचे क्रमांक दिसतात. त्या स्लाइडला दुसरा लेआउट द्या आणि परत या. मोकळे, चित्र नसलेले लेआउट काढून वजन फारसं कमी होणार नाही, हे आधीच सांगतो. तरी काढा. शाखेतल्या माणसासमोर 'न्यू स्लाइड' दाबल्यावर ४५ पर्याय आले की तो कुठलाही उचलतो. मुखपृष्ठ, विभागाचं शीर्षक, मजकूर, दोन रकाने, चार्ट, तक्ता, फोटो आणि कोरी, एवढे आठ पुरतात.

फोटोच्या लेआउटवर नमुन्याचा फोटो ठेवू नका, 'पिक्चर प्लेसहोल्डर' ठेवा. वापरणारा तिथे आपला फोटो टाकतो, तो चौकटीत बसतो, आणि टेम्प्लेटला वजन शून्य. नमुन्याच्या भरलेल्या स्लाइड दाखवायच्या असतील तर त्यांची वेगळी फाइल करा. टेम्प्लेटमध्ये ठेवल्या तर त्या प्रत्येक नव्या फाइलमध्ये उतरतात. स्लाइडच्या बाहेर, राखाडी भागात सरकवून ठेवलेली चित्रंही असतात. ऑल्ट आणि एफ१० दाबून 'सिलेक्शन पेन' उघडला की लपवलेली, बाहेर ढकललेली सगळी नावं दिसतात. हे मास्टरमध्येही करून बघा.

चार्टचा मुद्दा मला आकारापेक्षाही जास्त काळजीचा वाटतो. शाखानिहाय ठेवींचा चार्ट एक्सेलमधून कॉपी करून 'एम्बेड वर्कबुक'ने पेस्ट केला, की चार्टमागचं शीटच नव्हे, अख्खं वर्कबुक आत येतं. त्या वर्कबुकच्या तिसऱ्या शीटवर थकबाकीदारांची यादी असेल, खाते क्रमांक असतील, तर तीही आली, लपवलेली शीटसुद्धा. स्लाइडवर दिसतात पाच रंगीत खांब. ज्याला फाइल मिळाली त्याने चार्टवर राइट क्लिक करून 'एडिट डेटा, एडिट डेटा इन एक्सेल' केलं की सगळं समोर उघडतं. हे आजच तपासा: 'एम्बेडिंग्ज'मधली प्रत्येक एक्सेल फाइल उघडून सगळी शीट बघा, लपवलेलीही. बैठकीत दाखवायच्या स्लाइडसाठी चार्ट 'पिक्चर' म्हणून पेस्ट करावा. आकडे नंतर बदलायचे असतील तर पॉवरपॉइंटमध्येच 'इन्सर्ट, चार्ट' करून तेवढेच आकडे टाकावेत. तसं केलं की मागचं शीट काही केबींचं राहतं. बाहेर पाठवण्याआधी 'फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवण्याची सवय लावा, पण अडकवलेलं वर्कबुक त्याच्या भरवशावर सोडू नका, स्वतः उघडून बघा.

फॉन्टबद्दल. 'फाइल, ऑप्शन्स, सेव्ह' मध्ये 'एम्बेड फॉन्ट्स'चे दोन पर्याय आहेत. 'फक्त वापरलेली अक्षरं' हा लहान पर्याय तयार झालेल्या, आता बदलायच्या नसलेल्या फाइलसाठी चांगला. टेम्प्लेटला निरुपयोगी, कारण पुढचा माणूस कोणती जोडाक्षरं लिहील हे आधी कळत नाही. 'सगळी अक्षरं' घेतली की देवनागरी फॉन्टचं वजन जाणवतं, कारण त्यात जोडाक्षरांच्या, अर्ध्या अक्षरांच्या, मात्रांच्या जागांच्या शेकडो आकृत्या असतात. आणि साधा व ठळक हे दोन वेगळे धरले जातात. माझा सल्ला: सगळे कॉम्प्युटर विंडोज ८ किंवा पुढचे असतील तर निर्मला यूआय वापरा आणि फॉन्ट बांधूच नका. मराठी वळणाचा ल आणि श हवा म्हणून दुसरा एखादा मोफत फॉन्ट निवडला असेल, तर तो प्रत्येक शाखेत एकदाच इन्स्टॉल करून घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेले नमुने टेम्प्लेटमध्ये मुळीच ठेवू नका. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तिथे अगम्य चिन्हं दिसतात, आणि ती टाळायला लोक अख्ख्या मजकुराचं चित्र करून पेस्ट करतात. मग वजन पुन्हा चढतं.

व्हिडिओ टेम्प्लेटमध्ये नको, बास. सादरीकरणात लागलाच तर 'फाइल, इन्फो, कॉम्प्रेस मीडिया'मधून ७२० पी करा.

एवढं करूनही फाइल जड राहिली, किंवा ती बरीच वर्षं हातोहात फिरून आलेली असेल, तर साफसफाई सोडा आणि कोऱ्या फाइलवर टेम्प्लेट नव्याने बांधा. रंग, फॉन्ट, एक मास्टर, आठ लेआउट, लोगो, दोन चित्रं: दुपारभराचं काम आहे. जुन्यातलं काहीही कॉपी-पेस्ट करू नका, अगदी लोगोसुद्धा मूळ फाइलमधून घ्या.

शाखांना पाठवताना पीपीटीएक्स नको, पीओटीएक्स पाठवा. डॉक्युमेंट्समधल्या 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' फोल्डरमध्ये ठेवली की 'फाइल, न्यू' मध्ये ती दिसते आणि दर वेळी नवी, स्वच्छ फाइल उघडते. मागच्या वर्षीचीच फाइल उघडून 'सेव्ह ॲज' करत गेलं की जुने फोटो, जुने चार्ट, जुने मास्टर साचत जातात. फाइलच्या नावात वर्ष आणि आवृत्ती घाला, म्हणजे आटपाडीत कुठली चालू आहे हे फोनवर विचारता येईल. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यायची म्हणून सगळ्या शाखांच्या स्लाइड एकत्र करताना पेस्टच्या पर्यायांतला पहिला, 'यूज डेस्टिनेशन थीम', निवडा. 'रीयूज स्लाइड्स' वापरत असाल तर 'कीप सोर्स फॉर्मॅटिंग'ची खूण काढलेली असू द्या. कुठे मांडणी थोडी हलेल, ती हाताने सरळ करावी लागेल. ते दहा मिनिटांचं काम स्वीकारा, नाहीतर १४ शाखांचे जुने मास्टर तुमच्या नव्या फाइलमध्ये येऊन बसतील.

एकत्र केलेली फाइल ईमेलने पाठवताना १८ एमबीच्या आत ठेवा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाइल ईमेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने वाढते, म्हणून २५ च्या हिशेबाने पाठवलेली २२ एमबीची फाइलही वाटेत कुठल्या सर्व्हरवर अडू शकते. फक्त वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ करून द्या.

सुरुवात मात्र झिपपासूनच करा. 'मीडिया' आणि 'एम्बेडिंग्ज'मधल्या सर्वात मोठ्या पाच फाइलींची नावं आणि आकार लिहून कळवा. त्यावरून तुमच्या ३८ एमबीतले किती कुठे आहेत ते नेमकं सांगता येईल.